टॅरान्टुलाला किती मोठा किडा द्यावा?

शंकासुर

मंडळी, माझ्याकडे दोन टॅरान्टुला (मोठे केसाळ कोळी) आहेत. एक पिल्लू आहे, टिलटोकॅटल अल्बोपिलोसस, म्हणजे तो कुरळ्या केसांवाला. पाय पसरले तर दीड सेंटिमीटरच्या आतबाहेर. दुसरी ग्रामोस्टोला पुल्क्राची पूर्ण वाढलेली मादी, काळीभोर, एका ओळखीच्यांकडून आलेली.

प्रश्न साधा आहे, पण उत्तरं जिथे विचारावं तिथे वेगळी मिळतात. कुणी म्हणतं किडा कोळ्याच्या पोटाएवढा असावा. कुणी म्हणतं अख्ख्या अंगाएवढा चालतो. कुणी म्हणतं अंगाच्या निम्माच द्या, नाहीतर किडाच कोळ्याला खाईल. एकांनी तर पायांच्या पसाऱ्याचा तिसरा हिस्सा असा हिशेब सांगितला. माझ्या पिल्लाला हे चारही नियम लावून पाहिले, तर तीन मिमीपासून सात मिमीपर्यंत काहीही बरोबर ठरतं!

हाताशी रातकिडे (सगळ्या मापांचे), मीलवर्म अळ्या आणि डुबिया झुरळं आहेत. जाणकारांनी कृपया सांगावं: कुठला किडा, किती मोठा, किती दिवसांनी?

रेशीमधागा

वाचनखूण साठवली. माझाही हाच प्रश्न आहे.

बिळवासी

शंकासुर, हे चारही नियम एकाच गोष्टीचा अंदाज बांधायला निघालेत: हा किडा कोळ्याला स्वतः जखमी न होता धरून ठेवता येईल का?

पाल किंवा साप भक्ष्य अख्खं गिळतात, म्हणून तिथे तोंडाचं माप बघावं लागतं. कोळ्याला गिळायचंच नसतं. तो सुळे रोवतो, भक्ष्यावर पाचकरस सोडतो, जबड्यांनी त्याला मळत राहतो आणि पातळ झालेला भाग शोषून घेतो. शेवटी चोथ्याची छोटीशी गोळी तेवढी उरते. त्यामुळे 'घशात अडकेल' ही भीती मनातून काढून टाका. मेलेला किडा कोळ्यापेक्षा मोठा असला तरी तो आरामात त्याच्यावर बसून खातो. मापाची सगळी काळजी जिवंत किड्यासाठी आहे.

आता मोजायचं काय? पायांचा पसारा सोडून द्या. झाडावर राहणाऱ्या जातींचे पाय लांब आणि अंग सडपातळ असतं, जमिनीवरच्या बऱ्याच जाती ठेंगण्या आणि जाडजूड. पसारा सारखाच असला तरी अंगात बराच फरक पडतो. अंग मोजायचं ते पाय सोडून. जिवंत किडा लांबीला फार तर तेवढा, हे वरचं टोक. पोटाएवढा दिला तर कुणालाच त्रास नाही, ना कोळ्याला, ना तुमच्या झोपेला.

पण पोटाच्या नियमात एक गोम आहे. पोट फुगतं आणि आकसतं. उपाशी कोळ्याचं पोट लहान, म्हणून नियमाने किडा लहान. भरपेट कोळ्याचं पोट मोठं, म्हणून किडाही मोठा. म्हणजे ज्याला गरज कमी त्यालाच जास्त! म्हणून मी पुढच्या भागावरची कडक ढाल बघतो, जिला कॅरापेस म्हणतात. दोन कातींच्या मधल्या काळात ती अजिबात वाढत नाही. ठरलेली पट्टी हीच. टाकलेली कात हाती लागली तर तिचा कॅरापेस शांतपणे मोजता येतो, नवा त्याहून जरा मोठा धरायचा. कोळ्याला हात लावायची गरजच पडत नाही. कात नसेल तर डबीखाली आलेखाचा कागद सरकवून वरून फोटो काढा.

तुमच्या पिल्लाला जिवंत द्यायचाच असेल तर तीन मिमीच्या आसपासचा रातकिडा द्या. नसेल तर मेलेला द्या, मग माप विसरा. मादीबद्दल नंतर लिहितो, आधी तिचं पोट कसं दिसतंय ते सांगा.

आठपाय्या

हे माझं वैयक्तिक मत, पण हे सगळं फारच लाडाकोडाचं चाललंय. जंगलात कोण पट्टी घेऊन बसलंय? हे प्राणी कोट्यवधी वर्षं भुंगे, नाकतोडे, बेडूक, सरडे जे समोर येईल ते पकडत आले आहेत. माझे कोळी स्वतःएवढं झुरळ बघता बघता उचलतात.

जाळीदार

आठपाय्या, जंगलात न जमलेली झुंज सोडून देता येते. नाकतोडा उडी मारून निघून जातो, कोळी बिळात मागे सरतो. डबीत दोघांनाही जायला जागा नाही. रात्रभर तोच रातकिडा त्याच कोळ्याच्या पायांवरून फिरणार. आणि जंगलातले जे झुंजीत पाय गमावून बसले, ते तुम्हाला दिसत नाहीत.

शिवाय 'उचललं' याचा अर्थ माप बरोबर होतं असा होत नाही. कुठला कोळी आहे तुमचा?

आठपाय्या

टेरिनोकिलस मुरिनस, तो केशरी. आणि एक सॅल्मोपियस.

जाळीदार

मग बरोबर आहे. हे दोघेही हावरट गटातले. त्यांच्या अनुभवावरून पुल्क्रासारख्या शांत बाईचा नियम काढू नका. एखादी पुल्क्रा किंवा ग्रामोस्टोला पोर्टेरी मोठं झुरळ अंगावर आलं की पुढचे पाय उंचावून मागे सरकते, कधी पोटावरचे केस झाडते आणि मग कितीतरी दिवस कशालाच शिवत नाही. पाळणारा समजतो भूक नाही. खरं तर ती घाबरलेली असते. टॅरान्टुलाची नजर अगदी यथातथा, सगळं जग त्यांना पायांवरच्या केसांतून, थरथरीतून कळतं. जड किडा जोरात धावला की त्यांच्या लेखी ते भक्ष्य राहत नाही, संकट होतं.

बिळवासी

+१. याच कारणाने मी एकच कसोटी वापरतो. किडा टाकला आणि कोळी पुढे झेपावला किंवा निदान त्याच्याकडे वळला, तर माप ठीक आहे. दोनतीनदा मागे सरला तर किडा काढा आणि पुढच्या वेळी निम्म्या लांबीचा द्या.

घनमूळ

या 'निम्म्या लांबीचा' वर थोडं गणित. बऱ्याच जणांना वाटतं की एका मोठ्या रातकिड्याऐवजी निम्म्या लांबीचे दोन दिले की झालं. तसं होत नाही. आकार तोच ठेवून लांबी निम्मी केली की रुंदी आणि उंचीही निम्मी होते, म्हणजे वस्तुमान आठवा हिस्सा. दोन सेंटिमीटरच्या एका रातकिड्याएवढं खाणं द्यायला एक सेंटिमीटरचे साधारण आठ रातकिडे लागतील.

उलट बाजूनेही बघा. पिल्लू कात टाकून लांबीला दीडपट झालं तर त्याचं अंग सव्वातीन पटींहून जास्त झालेलं असतं. म्हणून कातीनंतर जुन्याच मापाचे किडे देत राहिलात तर 'खातोय पण भरत नाही' असं होतं. माप कातीनंतर बदला, महिन्याच्या हिशेबाने नको.

शंकासुर

घनमूळ, हे भारी आहे. आठचा आकडा डोक्यातच आला नव्हता.

बिळवासी दादा, मादीचं पोट कॅरापेसच्या साधारण दीडपट दिसतंय. गोल, ताणलेलं नाही. आल्यापासून एक मध्यम डुबिया खाल्लं, दुसऱ्याला शिवली नाही. ते डुबिया दिसतही नाही आता.

किडेवाली

ते डुबिया मातीत गेलंय, शंकासुर. ते त्यांचं नेहमीचं आहे. मी खाद्य-किडेच वाढवते, कोळी नंतर आले, त्यामुळे या बाजूने थोडं लिहिते. लांबीवर सगळे बोलतायत, पण त्याच लांबीचे दोन किडे सारखे नसतात हे कुणी लिहिलं नाही अजून.

रातकिडा. अंड्यातून निघतो तेव्हा दोनेक मिमी, पूर्ण वाढलेला दोन ते अडीच सेमी. हलतो भरपूर, त्यामुळे कोळ्याला लगेच कळतो. पण जबडा चावरा आहे आणि सगळं खातो. भुकेला, तहानेला रातकिडा कात टाकत असलेल्या कोळ्याला कुरतडतो, ही ऐकीव गोष्ट नाही. रातकिड्यासाठी मी माप नेहमी एक पायरी खाली ठेवते.

डुबिया. ही झुरळं अंडी बाहेर टाकत नाहीत, पिल्लंच देतात. पिल्लू तीनचार मिमीचं, पूर्ण वाढलेलं झुरळ चार-साडेचार सेमी. कोळ्याला चावत नाही, गुळगुळीत काचेवर चढत नाही. पण ते चपटं आणि रुंद असतं, त्यामुळे लांबीने बरोबर बसलं तरी ऐवज जास्त. शिवाय धोका वाटला की ते एकतर मेल्यासारखं पडून राहतं किंवा मातीत शिरतं. कोळी जागच्या जागी वाट बघत बसणारा शिकारी, त्याला न हलणारं झुरळ म्हणजे दगड. उपाय असा की झुरळाचं डोकं चिमट्याने दाबून चिरडायचं. पाय बराच वेळ हलत राहतात, पण ते पळू शकत नाही, पुरूही शकत नाही. ज्यांना हे जमत नाही त्यांनी गुळगुळीत काठाच्या उथळ वाटीत ठेवावं.

मीलवर्म. मोठ्यात मोठी अळी अडीच-तीन सेमी, पण बारीक. म्हणून लांबी थोडी जास्त झाली तरी चालते. तीन सेमीची अळी आणि तीन सेमीचं झुरळ यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. जिवंत सोडली तर हीसुद्धा मातीत जाते, तिथे कोष करते आणि काही आठवड्यांनी डबीत काळा भुंगा फिरताना दिसतो. डोकं चिरडून द्या.

सुपरवर्म हा वेगळा प्राणी, मीलवर्मचा मोठा भाऊ नाही. पाच सेमीपर्यंत जातो, जबडा जोरदार. मोठ्या कोळ्यांना उत्तम, पण डोकं चिरडल्याशिवाय मी कधीच देत नाही. चार सेमी अंगाच्या कोळ्याला पाच सेमीचा जिवंत सुपरवर्म हा नियमात 'जरासाच मोठा' असला तरी नको.

मेणकिडे, म्हणजे वॅक्सवर्म, नुसती चरबी. मऊ असतात, कोळी आवडीने खातात, अशक्त कोळ्याला अधूनमधून बरे. रोज-नेमाचं खाणं नव्हे.

टोळ आणि नाकतोडे यांच्या मागच्या पायांवर काटे असतात आणि लाथ जबरदस्त. माप एक पायरी खाली.

अवांतर: लाल धावरी झुरळं, ज्यांना रेड रनर म्हणतात, ती लहान असतात आणि सतत पळतात, कोळ्यांना फार आवडतात. पण वेग एवढा की डबीचं झाकण उघडताना सावध. ती अंडी घालतात, सुटली तर...

रेशीमधागा

...सुटली तर घरचे आपल्यालाही डबीत ठेवतील 😀

शंकासुर

किडेवाली ताई, प्रतिसाद छापून ठेवावा असा. मातीतलं डुबिया उकरून काढू का?

किडेवाली

मादी शांत असेल आणि डुबिया लहान असेल तर एकदा दिवसा, ती बिळात असताना, लांब चिमट्याने वरची माती हलवून बघा. सापडलं तर काढा. नाही सापडलं तर सगळं उपसत बसू नका, डुबियाने कोळ्याला इजा केल्याचं मी पाहिलेलं नाही. रातकिडा असता तर मी सगळी माती काढायला सांगितली असती.

शंकासुर

आणि पिल्लाला मेलेला द्यायचा तर नक्की कसा? अख्खा की तुकडा? पिल्लू एवढंसं आहे की मला तेच नीट दिसत नाही.

जाळीदार

रातकिड्याची मागची मांडी तोडून द्या. एवढ्या पिल्लाला ती एका वेळेला पुरते. किंवा मीलवर्मचा तीनचार मिमीचा तुकडा, कापलेली ओली बाजू पिल्लाच्या दिशेने. बिळाच्या किंवा जाळ्याच्या तोंडाशी ठेवा, पिल्लाच्या अंगावर टाकू नका. अंधार करून निघून जा. टॅरान्टुलाची पिल्लं मेलेलं खाण्यात मुळीच कमीपणा मानत नाहीत. सकाळी तुकडा जागेवरून हलला असेल, किंवा त्यावर जाळं विणलेलं दिसेल, तर काम झालं.

दुसऱ्या दिवशी उरलेलं उचला. ओल्या डबीत मेलेल्या किड्याला बुरशी फार लवकर धरते आणि त्यावर बारीक माइट येतात. चोथ्याची गोळीही काढा. डबीत स्प्रिंगटेल (बुरशी खाणारे बारीक किडे) सोडलेले असतील तर थोडी सवड मिळते, पण चिमटा तो चिमटा.

बिळवासी

यात एक भर. पिल्लं खरंच बारीक असलेल्या जाती असतात. सिरिओकॉस्मससारख्या बुटक्या जातींच्या पिल्लांना नुकता निघालेला रातकिडाही जड जातो. तिथे न उडणाऱ्या फळमाश्या कामाला येतात. त्यांच्यातली मेलानोगॅस्टर जात लहान, हायडी त्याहून मोठी. याउलट थेराफोसा ब्लोन्डीचं पिल्लू सुरुवातीलाच असं धिप्पाड असतं की फळमाशी त्याला कळणारही नाही. म्हणून 'पिल्लाला काय द्यावं' या प्रश्नाला जात सांगितल्याशिवाय उत्तर नाही.

आता शंकासुर, तुमच्या मादीबद्दल. पोट कॅरापेसच्या दीडपट म्हणजे छान भरलेली आहे. दुप्पट व्हायला लागलं की खाणं थांबवा. पूर्ण वाढलेल्या पुल्क्राला दोन-तीन आठवड्यांनी एक मध्यम डुबिया किंवा एक मोठा रातकिडा भरपूर झाला. पिल्लाला आठवड्यातून एकदा-दोनदा. मधल्या वयाच्यांना साधारण आठवड्याने.

ती दुसऱ्या डुबियाला शिवली नाही, त्यात मापाचा दोष नसावा. पोट भरलंय, एवढंच. ग्रामोस्टोला मंडळी महिनोन्महिने उपाशी बसू शकतात, त्यात काहीही विशेष नाही.

आठपाय्या

पण भरपूर खाऊ घातलं तर झपाट्याने वाढतात ना? पिल्लू लवकर धोक्याबाहेर जाईल.

बिळवासी

वाढतात, हे खरं. पिल्लाला थोडं सढळ हाताने दिलं तर मीही काही म्हणणार नाही, लहानपणीच जास्त धोका असतो. पण मोठ्या, जमिनीवरच्या कोळ्याला फुगवण्यात दुहेरी धोका आहे. टॅरान्टुलाचं पोट म्हणजे पातळ कातडीची पिशवी, आत रक्तद्रव दाबाखाली. पाय सरळ करायला कोळी याच द्रवाचा दाब वापरतो, पायांच्या मुख्य सांध्यांत ताठ करणारे स्नायूच नाहीत. पोट तुडुंब असताना काचेवर चढून पडला की ते फाटू शकतं आणि मग सगळं संपलं. म्हणून जमिनीवरच्या जातींना मातीपासून झाकणापर्यंतची उंची पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीच्या आत ठेवतात. दुसरं, नर लवकर प्रौढ होतो आणि प्रौढ झाला की त्याचं आयुष्य फार उरत नाही. मादी एरवी वीस वर्षं सहज जगेल, तिला कसली घाई?

जाळीदार

आणि पोट आकसलेलं, सुरकुतलेलं दिसलं तर लगेच मोठा किडा टाकू नका. बहुतेकदा ती भूक नसून तहान असते. आधी पाण्याची वाटी भरा. तहानेने गळालेल्या कोळ्याला झुंज देणारा किडा देणं म्हणजे त्याच्यावर आणखी भार.

निशाचर

उशिरा आलो. कातीचा मुद्दा वर ओझरता आला, पण माझ्या मते या धाग्यात तोच सर्वात महत्त्वाचा आहे.

कात येण्याआधी कोळी खाणं सोडतो. ज्या जातींच्या पोटावर केस झाडून टक्कल पडलेलं असतं, त्यांचं ते टक्कल काळं, चकचकीत होतं. पिल्लांचं पोट गडद आणि तकाकणारं दिसतं. बीळ बंद केलं असेल तर प्रश्नच मिटला, त्याला एकटं सोडा. या काळात कुठल्याच मापाचा जिवंत किडा बरोबर नाही. दोन मिमीचा रातकिडासुद्धा पाठीवर पडलेल्या कोळ्याला कुरतडू शकतो, कारण कोळ्याला तेव्हा हलताच येत नाही.

कात टाकून झाल्यावरही घाई नको. नवे सुळे आधी पांढरे असतात, मग लालसर, मग काळे. काळे होईपर्यंत काहीही देऊ नका, मऊ सुळे किड्यावर आपटले तर वाकतात. पिल्लाला काही दिवस पुरतात, मधल्या वयात आठवडाभर, मोठ्या मादीला दोन आठवडे किंवा जास्तही. कोळी काचेला टेकून बसला की खालून सुळे दिसतात. आणि तोंडात काही धरून बसला असेल तर विचारायलाच नको.

पहिलं खाणं नेहमीपेक्षा लहान आणि मऊ द्यावं, काटेरी टोळ नको. न खाल्लेला जिवंत किडा एरवीही चोवीस तासांत बाहेर. हा नियम माझ्या लेखी मापाच्या सगळ्या नियमांपेक्षा वरचा.

रेशीमधागा

माझी कॅरिबेना व्हर्सिकलर आहे, निळं पिल्लू, उंच डबीत वर जाळ्यात बसतं. झुरळ खाली मातीत आणि हे वर, गाठच पडत नाही. मापाचं काय करू?

जाळीदार

रेशीमधागा, झाडावरच्यांना डुबिया जवळजवळ निरुपयोगी. त्यांना वर चढणारा किंवा उडणारा किडा हवा. फळमाश्या, लहान रातकिडे, मोठं झाल्यावर माश्या आणि पतंग. किडा लहान घ्या आणि जाळ्यालाच अडकेल असा सोडा. जाळं थरथरलं की ते स्वतः येतं. माप अंगाच्या निम्म्यापर्यंत ठेवा, कारण सडपातळ पिल्लू लोंबकळत मोठा किडा सांभाळायला गेलं तर तो निसटून खाली पडतो आणि मग वर येत नाही. पोसिलोथेरिया वगैरे मोठे झाल्यावर मात्र चांगले दणकट किडे हवेतच झेलतात.

चिमट्याने भरवायचा मोह टाळा, असं माझं मत. कोळी चिमट्यावर झेप घेतो, सुळे धातूवर आपटतात. फारच वाटलं तर टोकाला रबर असलेला लांब चिमटा.

आठपाय्या

बरं, मापाचं पटलं, निदान पुल्क्रापुरतं. पण थेराफोसा ब्लोन्डीला तर बर्डईटर, म्हणजे पक्षी खाणारी, म्हणतात. तिला उंदराचं पिल्लू दिलं तर? एकदा द्यायचं आणि महिनाभर निवांत.

निशाचर

या नावामागे मारिया सिबिला मेरियनने सुरिनाममधल्या कीटकांवर केलेलं, 1705 साली छापलेलं एक चित्र आहे, त्यात टॅरान्टुला गुंजनपक्षी खाताना दाखवलाय. चित्र फार सुंदर. पण आहार ठरवायला ते पुरेसं नाही. ब्लोन्डी जंगलातही मुख्यतः गांडुळं, किडे असलंच खाते, कधीमधी बेडूक, सरडा.

उंदीर देता येतो, म्हणजे कोळी तो खाईल. पण जिवंत उंदीर चावतो, आणि दात असलेल्या प्राण्याला लांबीचा कुठलाच नियम लागू पडत नाही. मेलेला दिलात तर हाडं, केस, आतडी डबीत सडतात, दमट डबीत तर दुर्गंधीचा कहर. मिळतं त्यातून विशेष काही नाही. चांगली पोसलेली मोठी झुरळं हेच काम स्वच्छपणे करतात. जिवंत उंदीर कोंडून मारायला देण्याची मला तर शिसारीच येते, पण ते वेगळं.

किडेवाली

निशाचर, 'चांगली पोसलेली' हे फार बरं लिहिलंत. किडा देण्याआधी एकदोन दिवस त्याला गाजर, पालेभाजी, कोंडा नीट खायला घाला. उपाशी रातकिडा म्हणजे नुसतं टरफल, बरोबर मापाचा असून पोकळ. सरड्यांसाठी भुरभुरवतात तशी कॅल्शियमची पूड मात्र कोळ्यांना लागत नाही, त्यांचं कवच कायटिन आणि प्रथिनांचं असतं, हाडांसारखं नाही.

आणि विचारायच्या आधीच सांगते: बागेत पकडलेला नाकतोडा अगदी मापात बसला तरी देऊ नका. त्याच्यावर कुठलं औषध फवारलंय ते कळत नाही, परजीवी असतात ते वेगळंच.

बिळवासी

परजीवींवरून: टॅरान्टुलांच्या तोंडात होणाऱ्या सूत्रकृमींची भीती पाळणाऱ्यांना बऱ्याच वर्षांपासून आहे. 2022 मध्ये टॅरान्टुलातलीच एक नवी सूत्रकृमी जात नोंदली गेली, टॅरान्टोबेलस जेफडॅनियल्सी. लागण झालेला कोळी खाणं सोडतो, पायांच्या टोकांवर उभा राहिल्यासारखा चालतो, तोंडाजवळच्या पॅल्पची (छोट्या पायांसारख्या जोडीची) हालचाल विचित्र होते, तोंडाशी पांढरट चिकट थर दिसतो. असा कोळी लगेच वेगळा ठेवा, त्याचा चिमटासुद्धा वेगळा. किडा मोठा वाटला म्हणून नाकारला, की आजारामुळे, हे ओळखायला तोंड बघायची सवय लावून घ्या.

घनमूळ

एक शंका. माझ्याकडे एक अल्बोपिलोससचा नर आहे, नुकतीच कात टाकली. पुढच्या पायांवर हुकासारखे आकडे आलेत, पॅल्पची टोकं बॉक्सिंगच्या हातमोज्यांसारखी फुगलीत. सुळे काळे झालेत तरी पूर्वीच्या मापाचे रातकिडे टाकले की नुसता पळतोय. अंग तर आधीपेक्षा मोठं आहे, मग माप वाढवायला नको का?

जाळीदार

घनमूळ, तुमचं गणित इथे लागू होणार नाही. तो प्रौढ झालाय, ही त्याची शेवटचीच कात समजा. आता तो मादी शोधत फिरणार, खाण्यात लक्ष नाही. अंग मोठं दिसतं ते पायांमुळे, पोट उलट लहान झालेलं असतं. पूर्वीच्या निम्म्या लांबीचा रातकिडा द्या, तोही डोकं चिरडून, आणि सकाळी काढून टाका. खाल्ला तर पुन्हा आठवड्याने.

घनमूळ

म्हणजे वस्तुमानाने आठवा हिस्सा. ठीक, आज रात्री देतो. मादी आहे कुणाकडे अल्बोपिलोससची?

किडेवाली

त्यासाठी वेगळा धागा काढा हो. आणि मादीला आधी पोटभर खाऊ घातलेलं असू द्या, नाहीतर तिच्यासाठी मापात बसणारं भक्ष्य तुमचा नरच.